बँकेला मोकळं सोडलं की ती बेफाम होते का?

९ मार्च २०२३. या एका दिवसात अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेच्या खातेदारांनी ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याच्या सूचना दिल्या. दारात रांगा नव्हत्या, आरडाओरडा नव्हता. लोक बसल्या जागेवरून फोनवर पैसे हलवत होते. दुसऱ्या दिवशी, १० मार्चला, सरकारी यंत्रणेने बँक ताब्यात घेतली. सुमारे २०९ अब्ज डॉलरचा ताळेबंद असलेली बँक दोन दिवसांत संपली.

मग नेहमीचं भांडण सुरू झालं. एक गट म्हणाला, २०१८ मध्ये नियम सैल केलेत ना, भोगा आता फळं. त्या वर्षीच्या कायद्याने सर्वांत कडक देखरेखीची आकारमर्यादा ५० अब्ज डॉलरवरून २५० अब्जांवर नेली होती आणि ही बँक त्या मर्यादेच्या आत बसत होती. दुसरा गट म्हणाला, सरकार दर वेळी वाचवायला धावतं म्हणूनच बँका असं वागतात. १२ मार्चला सरकारने ठेवींवरच्या सरकारी विम्याची मर्यादा बाजूला ठेवून या बँकेच्या सगळ्या ठेवी सुरक्षित असल्याचं जाहीर केलं, तेव्हा या गटाला तर आयतंच कोलीत मिळालं.

२००८ च्या जागतिक बँकसंकटानंतर घट्ट केलेले नियम सैल करण्याची भाषा आता अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पुन्हा ऐकू येते आहे. म्हणजे हे भांडण परत परत कानावर येणार. त्यात दोन्ही बाजू अर्धं खरं बोलत असतात. राहिलेलं अर्धं कुठे सांडतं, ते पाहू.

बँकेची जोखीम म्हणजे नेमकं काय?

तुम्ही बँकेत ठेवलेले पैसे उद्या मागू शकता. बँकेने मात्र ते कुणाला तरी वीस वर्षांच्या मुदतीने दिलेले असतात. बँकेचा धंदाच या तफावतीवर उभा आहे. त्यामुळे 'जोखीम न घेणारी बँक' ही गोष्ट अस्तित्वात नसते. जोखीम किती आणि बुडाली तर कुणाची, एवढाच प्रश्न असतो.

यात एक शब्द समजून घ्यायला हवा: भांडवल. बँकेच्या मालकांनी, म्हणजे भागधारकांनी, स्वतःचे म्हणून घातलेले पैसे. तोटा झाला की तो आधी यातून वजा होतो. हे संपलं की पुढचा तोटा ठेवीदारांच्या किंवा त्यांची हमी घेणाऱ्याच्या अंगावर येतो.

आता एक हिशेब करू. कागद-पेन्सिल घेतलीत तर उत्तम, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

एका बँकेकडे १०० आहेत. त्यातले ५ मालकांचे आणि ९५ ठेवीदारांचे. तिच्यासमोर एक डाव आहे: निम्मी शक्यता अशी की १०० चे ११० होतील, निम्मी अशी की १०० चे ८५ उरतील. सरासरी काढली तर ९७.५ येते, म्हणजे डाव तोट्याचा. शहाण्या माणसाने याला हातही लावू नये.

पण मालकाच्या खुर्चीत बसून पाहा. डाव लागला तर ११० मधून ठेवीदारांचे ९५ देऊन त्याच्या हाती १५ उरतात. फसला तर ८५ मधून ९५ देता येत नाहीत; मालकाला शून्य मिळतं, पण शून्याच्या खाली त्याला कुणी खेचत नाही. त्याची सरासरी झाली साडेसात. डाव न खेळता त्याच्याकडे पाचच होते. एकूण पाहता तोट्याचा असलेला डाव मालकाला मात्र फायद्याचा! फरक भरला कुणी? उरलेले १० ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं याहून वेगळं काय असतं?

आता त्याच बँकेत मालकाचे २० आहेत आणि ठेवीदारांचे ८० असं समजा. तोच डाव. लागला तर मालकाला ३०, फसला तर ५. सरासरी साडेसतरा, आणि न खेळता होते वीस. मालक स्वतःहून नको म्हणेल. नियम नको, निरीक्षक नको.

माणूस तोच, मोकळीकही तेवढीच. बदललं फक्त एक: बुडणाऱ्यात त्याचे स्वतःचे किती.

'आर्थिक स्वातंत्र्य' म्हणजे कशाचं स्वातंत्र्य?

देशोदेशींचं आर्थिक स्वातंत्र्य मोजणाऱ्या दोन याद्या जगभर उद्धृत होतात. अमेरिकेतली हेरिटेज फाउंडेशन १९९५ पासून शंभरपैकी गुण देते, कॅनडातली फ्रेझर इन्स्टिट्यूट दहापैकी. दोन्ही संस्था बाजारपेठेच्या बाजूच्या आहेत हे लक्षात ठेवलेलं बरं. पण त्या काय मोजतात ते उघड सांगतात.

गंमत अशी की त्या कुठलीही एकच एक गोष्ट मोजत नाहीत. मालमत्तेचे हक्क पाळले जातात का, न्यायालयं निःपक्ष आहेत का, चलनाचं मोल टिकतं का, सरकार किती खर्च करतं, परदेशी पैसा ये-जा करू शकतो का, बँका सरकारी आहेत की खाजगी, कर्जाचा व्याजदर कोण ठरवतं, अशा बऱ्याच गोष्टींची एक गोळाबेरीज करून एकच आकडा निघतो.

बँकांच्या जोखमीच्या दृष्टीने या गोळाबेरजेत एकमेकांच्या विरुद्ध ओढणारे घटक बसलेले आहेत. न्यायालयं लवकर निकाल देत असतील तर थकलेलं कर्ज वसूल होतं, तारण हाती येतं, जोखीम घटते. व्याजदर आणि कर्जाची क्षेत्रं एकदम मोकळी केली तर निदान सुरुवातीला ती वाढते. परदेशी पैसा आला तर जोखीम विभागली जाते, आणि तोच पैसा एका रात्रीत परतही जाऊ शकतो. म्हणून 'स्वातंत्र्य वाढलं की जोखीम वाढते की कमी होते?' याला एका शब्दाचं उत्तर नाही. कुठलं स्वातंत्र्य, हे आधी विचारावं लागतं.

तीन-सहा-तीन

अमेरिकेत एके काळी बँकर लोकांबद्दल एक विनोद होता: तीन टक्क्यांनी ठेवी घ्या, सहा टक्क्यांनी कर्ज द्या आणि दुपारी तीन वाजता गोल्फच्या मैदानावर हजर व्हा. ठेवींवर किती व्याज द्यायचं याला कायद्याने मर्यादा होती, स्पर्धा जेमतेम होती, आणि घरांसाठी कर्ज देणाऱ्या छोट्या बचत संस्थांचं बरं चाललं होतं.

सत्तरच्या दशकात महागाई चढली आणि ऐंशीच्या सुरुवातीला अल्पमुदतीचे व्याजदर पंधरा टक्क्यांच्या वर गेले. बचत संस्थांना मात्र साध्या ठेवीवर साडेपाच टक्क्यांच्या आसपासच व्याज देता येत होतं. ठेवीदार जास्त परतावा देणाऱ्या फंडांकडे वळले. दुसऱ्या बाजूला या संस्थांनी तीस-तीस वर्षांची घरकर्जं जुन्या, स्वस्त, न बदलणाऱ्या दराने देऊन ठेवलेली. बाजारभावाने हिशेब मांडला असता तर त्यातल्या बऱ्याचशा तेव्हाच दिवाळखोर ठरल्या असत्या.

त्या बंद करायला पैसा लागला असता आणि राजकीय धमकही. त्याऐवजी त्यांना स्वातंत्र्य देण्यात आलं. १९८० च्या कायद्याने व्याजदरावरच्या मर्यादा टप्प्याटप्प्याने उठवायचं ठरलं आणि त्याच कायद्याने ठेवींवरचा सरकारी विमा प्रत्येक खात्यामागे ४० हजार डॉलरवरून एक लाखावर नेला. १९८२ च्या कायद्याने घरकर्जापलीकडे, व्यापारी कर्जं आणि व्यापारी जागांच्या क्षेत्रात उतरायची मुभा दिली.

वर केलेला हिशेब आठवा. या संस्थांमध्ये मालकाचे पाचही उरलेले नव्हते. काहींत शून्याच्या खाली होतं. त्यांना सांगितलं गेलं, हवा तो डाव खेळा, ठेवीदारांची काळजी सरकार करेल. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं झालं. दलाल मोठ्या रकमांचे एकेक लाखाचे तुकडे करायचे आणि सर्वांत जास्त व्याज देणाऱ्या संस्थेकडे पाठवायचे. सर्वांत जास्त व्याज कोण देणार? ज्याला पैशांची सर्वांत जास्त निकड आहे तो, म्हणजे जी सर्वांत डबघाईला आली आहे ती. ठेवीदाराला त्याचं सोयरसुतक नव्हतं, विमा होता ना. १९८६ ते १९९५ या काळात १,०४३ संस्था बंद पडल्या आणि अमेरिकी करदात्यांना सुमारे १२४ अब्ज डॉलरचा भुर्दंड बसला.

अर्थतज्ज्ञ मायकेल कीली यांनी १९९० मध्ये या काळातल्या अमेरिकी बँकांकडे पाहून एक मुद्दा मांडला, तो आजही वापरला जातो. स्पर्धा कमी असते तेव्हा बँकेचा परवाना हीच एक मौल्यवान वस्तू असते. वर्षानुवर्षं निवांत नफा देणारी. ती गमावण्याच्या भीतीने मालक जपून चालतो. स्पर्धा खुली झाली की परवान्याची किंमत घसरते आणि गमावण्यासारखं फारसं उरत नाही. गमावण्यासारखं काही नसलेला माणूस कसा खेळतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

स्वीडनमध्येही थोडंफार असंच झालं. नोव्हेंबर १९८५ मध्ये बँकांच्या कर्जवाटपावरच्या कमाल मर्यादा उठल्या. कर्जं फुगली, जागांचे भाव वाढले, आणि १९९२ मध्ये सरकारला बँकांच्या देण्यांची सरसकट हमी द्यावी लागली. इतकी वर्षं कुणाला किती कर्ज द्यायचं याचा कोटा वरून येत होता. कर्जदाराची पत जोखण्याची सवयच बँकांना उरलेली नव्हती. मला विचाराल तर मोकळीक देण्यातली ही सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे.

खाली जाळं नसेल तर?

इथे बाजारवादी मित्र म्हणतील, बघा, खोड स्वातंत्र्यात नव्हतीच, विम्यात होती. दोरीवरून चालणाऱ्याच्या खाली जाळं बांधलंत, तो उड्या मारायला लागला. जाळं काढा.

मुद्दा बिनतोड वाटतो. जाळं नसलेल्या काळातली एक बँक पाहू.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या बहुतेक बँकांच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती. बँक बुडाली तर शेअरची किंमत शून्य होऊन भागत नसे; देणी पुरी होईपर्यंत भागधारकाच्या घरादारापर्यंत वसुली होई. सिटी ऑफ ग्लासगो बँक अशीच. ऑक्टोबर १८७८ मध्ये ती कोसळली. मूठभर कर्जदारांना बेसुमार पैसे दिले होते, खोटे ताळेबंद छापले होते, भाव टिकवायला स्वतःचेच शेअर गुपचूप विकत घेतले होते. भागधारकांवर पहिली मागणी आली ती दर १०० पौंडांच्या शेअरमागे ५०० पौंडांची. त्यात बरेच जण कोलमडले. मग उरलेल्यांकडे दुसरी मागणी: दर १०० मागे आणखी २,२५० पौंड. एकूण १,८१९ भागधारकांपैकी शेवटी २५४ जणच दिवाळखोरीतून वाचले. त्यांच्यात विधवा होत्या, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया होत्या, दुसऱ्यांच्या पैशांचे विश्वस्त म्हणून केवळ ज्यांचं नाव लागलं होतं अशी माणसं होती. संचालक तुरुंगात गेले.

ठेवीदारांना मात्र त्यांचे पैसे पूर्ण मिळाले.

या प्रकरणातून दोन्ही बाजूंना हवं ते काढता येतं. तोटा योग्य माणसांच्या अंगावर गेला, हे खरं. पण सगळं घरदार पणाला लागलेलं असूनही भागधारकांना आत काय चाललंय हे कळलं नाही, हेही खरं. जाळं नसल्यामुळे दोरीवरचा माणूस सावध होतो, एवढं पुरत नाही. दोरी किती झिजली आहे ते त्याला दिसायलाही हवं. या धक्क्यानंतर तिथल्या बँकांनी मर्यादित जबाबदारीचा रस्ता धरला.

मग सरकारनेच बँका चालवाव्यात

हा आक्षेप दर संकटात येतो, आणि भावना म्हणून तो समजण्यासारखा आहे. नफ्याची हाव नसेल तर जोखीम कशाला कोण घेईल?

जर्मनीतल्या प्रांतिक सरकारांच्या मालकीच्या बँका, ज्यांना तिथे लांडेसबँक म्हणतात, त्यांच्याकडे पाहा. त्यांच्या देण्यांना सरकारी हमी होती, त्यामुळे त्यांना बाजारात स्वस्तात पैसा मिळे. युरोपीय महासंघाच्या आक्षेपामुळे जुलै २००५ नंतरच्या नव्या देण्यांवरची हमी थांबणार हे आधीच ठरलं होतं. बँकांनी काय केलं? मुदत संपण्याआधी हमीच्या जोरावर जमेल तेवढा स्वस्त पैसा उचलून ठेवला. एवढा पैसा गुंतवायला आपल्या प्रांतात जागा नव्हती, म्हणून त्यांनी त्यातून अमेरिकेतल्या घरकर्जांवर बेतलेले रोखे विकत घेतले. सॅक्सनी प्रांताची बँक २००७ मध्येच गळपटली. वेस्टएलबी हे या कुटुंबातलं मोठं नाव. २०१२ मध्ये तिचे तुकडे करून तिचा कारभार गुंडाळावा लागला.

स्पेनच्या बचत बँका तर नफ्यासाठी स्थापन झालेल्याच नव्हत्या. त्यांच्या मंडळांवर स्थानिक राजकारणी बसत, आणि बांधकामाच्या तेजीत कर्जं कुणाला जात होती हे वेगळं सांगायला नको. सात बचत बँका एकत्र करून २०१० मध्ये बँकिया उभी केली. मे २०१२ मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण करावं लागलं. स्पेनने युरोपकडून १०० अब्ज युरोपर्यंतची मदत मंजूर करून घेतली, वापरली सुमारे ४१ अब्ज. कुंपणानेच शेत खाल्लं.

नफ्याची हाव नसली की दुसरी कुठली तरी हाव त्या जागी येऊन बसते: निवडणूक, प्रतिष्ठा, आपल्या माणसांची सोय. आणि इथे सुरुवातीच्या हिशेबातला 'मालकाचे पाच' हा भाग तर पूर्णच गायब असतो. मालक म्हणजे सगळे, म्हणजे कुणीच नाही.

ठीक आहे, मग खाजगी राहू दे, नियम घट्ट करा

इथे मी बराचसा सहमत आहे, पण एक अडचण आहे. नियम जोखीम मोजतो तशीच बँक ती घेते. नियमाला जी दिसत नाही तिकडे ती सरकते.

१९८८ च्या बासेल करारात, म्हणजे अनेक देशांच्या बँक-नियामकांनी मिळून केलेल्या करारात, ठरलं की बँकेने आपल्या मालमत्तेच्या ८ टक्के भांडवल ठेवावं, पण मालमत्तेला धोक्याप्रमाणे वजन देऊन. विकसित देशांच्या सरकारी रोख्यांचं वजन शून्य. म्हणजे ते कितीही घेतले तरी त्यापोटी मालकाला भांडवल ठेवावं लागत नाही. युरोपातल्या बँकांनी पुढे ग्रीसचे सरकारी रोखे याच सोयीने भरपूर घेतले, कारण युरोपीय नियमांत त्यांचंही वजन शून्यच होतं. २०१२ मध्ये ग्रीसच्या कर्जाची फेररचना झाली तेव्हा ते रोखे अर्ध्याहून कमी किमतीचे झाले. ग्रीसबाहेर सर्वांत जास्त होरपळल्या त्या शेजारच्या सायप्रसच्या बँका.

आणि सिलिकॉन व्हॅली बँक? तिने कुठलाही जुगार खेळला नव्हता. ठेवी सरकारी रोख्यांत आणि सरकारी पाठबळाच्या घरकर्ज रोख्यांत घातल्या होत्या, म्हणजे नियमांच्या नजरेत जगातल्या सर्वांत सोवळ्या वस्तूंत. पण ते लांब मुदतीचे होते. मध्यवर्ती बँकेने वर्षभरात व्याजदर जवळपास शून्यावरून साडेचार टक्क्यांच्या वर नेले आणि जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांची किंमत घसरली. अमेरिकेतल्या बचत संस्थांचं चाळीस वर्षांपूर्वीचं दुखणं नव्या कपड्यांत परत आलं. २०२२ मध्ये कित्येक महिने या बँकेत जोखीम विभागाचं प्रमुखपदच रिकामं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: नियम कर्ज बुडण्याची भीती मोजत होते, आणि आग लागली होती व्याजदरात.

नियमांनी नुकसानच होतं असं यातून काढू नका. पण निर्बंध लावला म्हणजे सुरक्षितता आपोआप वाढते, हेही खरं नाही. याचं एक जुनं उदाहरण अमेरिकेतलंच आहे. तिथे बँकांना राज्याबाहेर, काही राज्यांत तर एकाहून जास्त जागी शाखा काढायला बंदी होती. उद्देश उदात्त: मोठ्या बँकांची दादागिरी नको. परिणाम असा की एखाद्या गावातलं पीक गेलं की त्या गावाची बँकही गेली. १९३० ते १९३३ या काळात तिथे सुमारे ९,००० बँका बंद पडल्या. शेजारी कॅनडात शाखा काढायची देशभर मोकळीक होती, एका भागातला तोटा दुसऱ्या भागातून भरून निघे. महामंदी तिथेही तेवढीच भयंकर होती. बंद पडलेल्या बँका: शून्य. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या राज्यांनी शाखाबंदी उठवत नेली, तेव्हा अशा राज्यांतल्या बँकांचं कर्जबुडीचं प्रमाण घटल्याचं संशोधकांना आढळलं. मोकळीक दिली आणि जोखीम कमी झाली.

यादीतले दोन शेजारी

हेरिटेजची २००८ ची यादी काढा. आयर्लंड तिसरा, कॅनडा सातवा. दोघांनाही ऐंशीच्या वर गुण. त्या यादीवरून कुणीही म्हटलं असतं की हे दोन देश एकाच माळेचे मणी.

त्याच वर्षी सप्टेंबर संपता संपता आयरिश सरकारला आपल्या बँकांच्या सुमारे ४४० अब्ज युरोंच्या देण्यांची हमी द्यावी लागली. देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून मोठा आकडा. बँका सावरायला पुढे सुमारे ६४ अब्ज युरो ओतावे लागले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये देश युरोप आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभा होता. कॅनडात त्या संकटात एकही बँक बुडाली नाही.

आयर्लंडच्या बँकांनी परदेशातून अल्पमुदतीचा पैसा उचलून तो बिल्डरांना दिला, आणि नियामक दुरून नुसता पाहत राहिला. कॅनडाच्या बँका कर्ज देण्यात मोकळ्या होत्या, पण भांडवलाच्या किती पट मालमत्ता उभी करायची यावर तिथल्या नियामकाची ठाम कमाल मर्यादा होती. शिवाय दिलेली घरकर्जं त्या बऱ्याच अंशी स्वतःच्याच वहीत ठेवत. बुडालं तर आपलं बुडेल, ही भावना त्यामुळे जागी राहते. (अर्थात, ज्यांनी घराच्या किमतीच्या वीस टक्क्यांहून कमी रक्कम स्वतः भरली अशांच्या कर्जांना तिथे सक्तीचा विमा असतो, आणि त्यामागेही सरकारच उभं असतं. म्हणजे कॅनडाही काही पाठ्यपुस्तकातला मुक्त बाजार नव्हे.)

एकाच आकड्यात हे दोन देश शेजारी बसले, कारण त्या आकड्याला धंदा करण्याची मोकळीक दिसत होती. तोटा कुणाच्या खिशातून जाणार ते दिसत नव्हतं.

असलि देमिर्ग्यूच-कुंत आणि एन्रिका देत्राजियाके या दोन अर्थतज्ज्ञांनी १९८० ते १९९५ या काळातले ५३ देश तपासले होते. वित्तक्षेत्र मोकळं केलेल्या देशांत बँकसंकटाची शक्यता जास्त आढळली. पण जिथे कायद्याचा वचक होता, भ्रष्टाचार कमी होता आणि करार पाळले जात होते, तिथे हा परिणाम बराच सौम्य होता. स्वातंत्र्याच्या गोळाबेरजेतल्या एका घटकाने वाढवलेली जोखीम दुसऱ्या घटकाने आवरली, असं याचं सरळ वाचन होतं.

स्पर्धाच कमी ठेवली तर बँका जपून वागतील ना?

परवान्याच्या किमतीचा मुद्दा वाचून हे मनात येणं साहजिक आहे. पण जॉन बॉइड आणि जानी दे निकोलो यांनी २००५ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. स्पर्धा नसली की बँक कर्जाचा दर चढा ठेवते. चढ्या दराने कर्ज फेडायचं तर कर्जदाराला जास्त धोक्याचा धंदा करावा लागतो. सावध माणूस तर कर्ज घ्यायलाच येत नाही. मग बँक कितीही सोवळी असो, तिच्या वहीत धाडसी लोकच गोळा होतात. कुठला परिणाम भारी पडतो हे देशानुसार आणि काळानुसार बदलतं. अर्थतज्ज्ञ यावर अजून भांडताहेत, आपण पुढे जाऊ.

ठेवीदारांनीच लक्ष ठेवायचं

स्वातंत्र्यवाद्यांचं सर्वांत प्रामाणिक उत्तर हे आहे: हमी नको, सगळी माहिती उघड करा, लोक स्वतःच बँक निवडतील. बोलायला सोपं. न्यूझीलंडने ते करून पाहिलं.

१९९६ पासून तिथल्या बँकांना आपली आर्थिक स्थिती दर तिमाहीला जाहीर करावी लागे आणि संचालकांना तिच्यावर वैयक्तिक सह्या कराव्या लागत. चुकीची माहिती दिली तर जबाबदारी त्यांच्यावर. ठेव विमा नव्हता. तिथली बँकव्यवस्था २००८ मध्ये टिकली, पण श्रेय वाटताना हेही सांगायला हवं की तिथल्या मोठ्या चारही बँका ऑस्ट्रेलियातल्या बँकांच्या मालकीच्या आहेत आणि त्यांच्यावर तिकडच्या नियामकाचा डोळा असतोच. शिवाय त्या ऑक्टोबरमध्ये, जगभर घबराट पसरल्यावर, न्यूझीलंडनेही ठेवींना तात्पुरती हमी दिलीच.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. पण बँक ते बराच काळ आणू शकते, आणि तिमाही अहवाल वाचून ते ओळखणारा सामान्य ठेवीदार विरळा. उलट, मोठ्या ठेवीदारांना काहीच झळ बसू दिली नाही तर त्यांनी तरी तो अहवाल का वाचावा? सायप्रसने २०१३ मध्ये ती झळ बसू दिली. बँक ऑफ सायप्रसमधल्या एक लाख युरोवरच्या विमा नसलेल्या ठेवींचा ४७.५ टक्के हिस्सा शेअरमध्ये बदलला गेला. एक लाखापर्यंतच्या ठेवी अखेर वाचल्या. पण त्याआधी त्यांच्यावरही कर लावण्याचा घाट घातला गेला होता, आणि तो फेटाळला जाईपर्यंत लोक एटीएमपुढे रांगा लावून उभे होते.

स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०२३ मध्ये क्रेडिट सुइस बुडताना तर क्रमच उलटा लागला. संकटात तोटा सोसण्यासाठीच काढलेले सुमारे १६ अब्ज फ्रँकचे रोखे शून्यावर आणले गेले, आणि ज्यांनी सर्वांत आधी बुडायचं त्या भागधारकांना सुमारे तीन अब्ज फ्रँक मिळाले. रोखेधारक कोर्टात गेले. पुढच्या वेळी कुणाचे पैसे आधी जाणार हे आधीच ठाऊक नसेल, तर बँकेवर नजर ठेवायची तरी कुणी?

न्यूझीलंडने १ जुलै २०२५ पासून ठेव विमा सुरू केला: प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक संस्थेमागे एक लाख न्यूझीलंड डॉलरपर्यंत. त्याचा खर्च ठेवी घेणाऱ्या संस्थांकडूनच वर्गणी म्हणून घेतला जातो. संचालकांच्या सह्याही चालूच आहेत.